शिंपल्यातली भोकं आणि दहा मिनिटं

एकतीस वर्षं मी भोकं पाहण्याची नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात मी हे वाक्य म्हणाले तेव्हा प्रमुख पाहुणे दचकून माइककडे बघायला लागले आणि हार घेऊन पुढे आलेली विद्यार्थिनी दोन पावलं मागे सरकली. पण याहून सोप्या शब्दांत कसं सांगणार? उज्जैनच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवत होते, आणि शिकवून उरलेल्या वेळात दगड झालेल्या शिंपल्यांमधली भोकं पाहत होते. मोठी भोकं नव्हेत. केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "ताई, नव्या पिढीला प्रेरणा मिळेल असं काही लिहा." मला नोकरीत प्रेरणा देणारी गोष्ट एकच होती, मत्सर. तो मी मनापासून केला आणि बहुतेक वेळा काम संपवूनच थांबले. तेव्हा त्याबद्दलच लिहिते. नव्या पिढीला उपयोग झाला तर बघा.

सुरुवातीला मला वाटायचं, माझा मत्सर शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याबद्दल आहे. त्यांना धार जिल्ह्यातल्या एका नाल्यात डायनासोरचं अंडं सापडलं होतं. वर्तमानपत्रात अंड्यासह त्यांचा फोटो आला, मग अंड्याशिवाय आला, मग मंत्र्यांसह आला. अंडं नारळापेक्षा बरंच मोठं होतं. माझं सगळं संशोधन त्या अंड्याशेजारी ठेवलं असतं तर कोणीतरी फुंकर मारून टेबल साफ केलं असतं. पण या मत्सराने माझी झोप कधी उडाली नाही. ज्याने उडाली तो मनुष्य माझ्याच लॅबमध्ये, माझ्यापासून चार हातांवर, एका स्टुलावर बसायचा.

त्याचं नाव कैलास. उज्जैनच्याच भैरवगढचा, कापडावर मेणाने नक्षी काढून छपाई करणाऱ्या घरातला. वयाने माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, नेमणुकीने रोजंदारीवरचा लॅब सहायक. दर जुलैत त्याचा हुकूम नव्याने निघायचा, आणि तो निघेपर्यंत जून महिनाभर तो जरा हळू बोलायचा. मराठी त्याला सगळं समजायचं, बोलायचा मात्र हिंदी. कॉलेजची वेळ साडेदहाची. सव्वादहाला कैलासने लॅबच्या खिडक्या उघडलेल्या असायच्या. पहिल्या अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

आता माझं काम थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समुद्रात शिंपल्यातला जीव मेला की शिंपला रिकामा राहत नाही. शेवाळं येतात, बुरशी येते, स्पंज येतात, आणि चुना विरघळवत शिंपल्याच्या भिंतीत बोगदे करून राहतात. प्रत्येकाची बोगदे करायची तऱ्हा वेगळी. शेवाळाला उजेड लागतो, म्हणून शेवाळाचे बोगदे सापडले की समजायचं, इथे समुद्र उथळ होता, सूर्य तळाला पोचत होता. नुसते बुरशीचे असतील तर पाणी खोल असणार. उज्जैनच्या आसपास समुद्र नाही हे खरं, पण नर्मदेच्या खोऱ्यात बाग आणि मनावर या गावांच्या बाजूला कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आत शिरला होता. त्याचे शिंपले आजही शेतांच्या बांधावर मिळतात. नानाखेड्याच्या स्टँडवरून सकाळची बस धरायची, दोनदा बदलायची, आणि शेतकऱ्याच्या कुत्र्याशी ओळख करून घ्यायची.

या विद्येची एक रीत मला पहिल्यापासून फार आवडायची. आम्ही नाव भोकाला देतो. भोक कोणी पाडलं त्याला नाही. पाडणारा कधीच विरघळून गेलेला असतो, आणि पुष्कळदा तो कोण होता हे सांगताही येत नाही. म्हणून कामाला नाव द्यायचं, कामगाराला सोडून द्यायचं. वर्गात हे सांगताना मी एक छोटा विराम घ्यायचे. पोरांना ते फार खोल वाटायचं. मलाही.

अशा ठिकाणी माणसं काय काय घेऊन येतात. लॅबमध्ये दगड बघतात अशी बातमी गावभर असल्यामुळे माझ्याकडे अंगठीतले खडे यायचे, उल्का म्हणून लोखंडी भट्टीचा मळ यायचा, आणि एकदा राम घाटावरचे एक गुरुजी शंख घेऊन आले. मराठीच, घाटावर तीन पिढ्या झालेल्या. शंख लाल फडक्यात गुंडाळलेला.

"बाई, आमच्या शंखाला कीड लागली," ते म्हणाले. "वाजत नाही. फुसफुसतो. जजमान हसतात."

मी भिंगातून पाहिलं. पाठीवर चाळणीसारखी भोकं. "कीड नाही गुरुजी. हे स्पंजाचं काम. समुद्रात असतानाच त्याने आत घर केलं होतं. वरचा पापुद्रा झिजला, म्हणून आता दिसायला लागलं."

"मग तो आत आहे?"

"नाही, तो केव्हाच मेला."

"म्हणजे मेलेल्याचं घर मी रोज सकाळी तोंडाला लावतो?"

"गुरुजी, शंख म्हणजे मुळात मेलेल्याचंच घर."

हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. गुरुजींचा चेहरा पाहून कैलास स्टुलावरून उठला. शंख हातात घेतला, तोंडाला न लावता कानाशी धरला, पाठीवर बोटं फिरवली, कुठे बोट ठेवलं की हवा अडते ते पाहिलं. "महाराज, तीन जगह से साँस निकल रही है," तो म्हणाला. "बाकी छेद अंदर तक नहीं गए. कल ले जाना."

दुसऱ्या दिवशी त्याने घरून मेण आणि राळ मिसळून आणली, सुईच्या टोकाने तीन भोकांत उतरवली, आणि गुरुजींनी लॅबमध्येच शंख फुंकला. प्राचार्यांचा शिपाई धावत आला, त्याला वाटलं उद्घाटन सुरू झालं आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. गुरुजींनी कैलासच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, म्हणाले, "बाई, तुमचं ज्ञान मोठं. पण याच्या हातात आहे हो काहीतरी."

संध्याकाळी मी घरी हे सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, शंख वाजला ना? झालं तर."

"माझ्या लॅबमध्ये वाजला," मी म्हटलं.

"मग तुझंच नाव झालं."

माझं झालं नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

खरी अडचण यानंतरची. शिंपल्याच्या आतले बोगदे पाहायचे कसे? त्याची युक्ती अशी, की शिंपल्यात पातळ रेझिन भरायचं, ते बोगद्यांत शिरून घट्ट होऊ द्यायचं, मग सगळा शिंपला सौम्य आम्लात ठेवायचा. शिंपला विरघळून जातो आणि आतली पोकळी तेवढी उरते. जे कधी नव्हतंच ते चिमट्यात धरून मायक्रोस्कोपखाली ठेवता येतं. पहिल्यांदा पाहाल तर अंगावर काटा येतो.

पण रेझिन इतक्या बारीक बोगद्यांत सहज शिरत नाही, आत हवा अडकलेली असते. ती खेचून काढायला निर्वात पंप लागतो. आमचा पंप बिघडलेला होता, आणि त्याच्या दुरुस्तीची फाइल अशा टेबलावर होती जिथून फाइली परत येताना कोणी पाहिल्या नव्हत्या. पंपाशिवाय आमचे साचे निघायचे ते मुंडकं उडालेले, बोटं तुटलेली. दोन वर्षं मी असल्या थोट्या साच्यांवर काढली.

एक दिवस कैलास माझ्या मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "मॅडम, ठंडे कपड़े में मोम नहीं उतरता. ऊपर ही बैठ जाता है."

"ये कपडा नहीं है, कैलास."

"हाँ जी," तो म्हणाला आणि आपल्या स्टुलाकडे गेला. त्याचं हे 'हाँ जी' मला फार लागायचं. त्यात उद्धटपणा औषधालासुद्धा नसायचा.

आठवड्याने मीच म्हटलं, करून बघ. त्याने वाळूच्या तव्यावर शिंपला हळूहळू तापवला आणि गरम असतानाच रेझिनमध्ये सोडला. शिंपला तापला की आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. निवताना उरलेली हवा आकसते आणि रेझिनला आत ओढून घेते. पंप नको, फाइल नको. कारण मी त्याला नंतर समजावून सांगितलं. ते त्याने लक्ष देऊन ऐकलं, जसं आपण आपल्याच घराचा पत्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.

साचा निघाला तो अखंड. टोकाटोकापर्यंत.

मग मला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. एका रविवारी दुपारी मी एकटी लॅबमध्ये गेले, थर्मामीटर लावला, वहीत आकडे लिहिले. पहिला शिंपला तडकला. दुसऱ्यात रेझिन दारातच घट्ट झालं. तिसऱ्याचा साचा निघाला, मुंडकं उडालेला. सोमवारी कैलासने कचऱ्याच्या डब्यात तडकलेला शिंपला पाहिला असणार, कारण काही न विचारता तो म्हणाला, "थर्मामीटर तो रेत का बताता है, मॅडम. सीप का नहीं." आणि हाताची पाठ शिंपल्यावर टेकवून दाखवली. त्या हातावर मेणाचे जुने भाजल्याचे डाग होते, पांढरे, नाण्यासारखे. मी माझी हाताची पाठ टेकवून पाहिली. मला फक्त गरम लागलं.

तुम्ही म्हणाल, यात मत्सर करण्यासारखं काय? मी पीएचडी होते, तो बारावी. माझी नोकरी कायम, त्याची जुलै ते जुलै. पण मत्सर पदाचा नसतो. ज्या एका गोष्टीसाठी मी या विद्येत आले होते, ती म्हणजे ते न दिसणारं हाताला लागणं, आणि नेमकी तीच त्याच्याकडे होती. माझ्याकडे तिच्याबद्दलची पुस्तकं होती.

'पंखा' त्यालाच आधी दिसला. एका साच्याच्या कडेला, एका ठिपक्यातून निघालेल्या दहा-बारा बारीक नळ्या, अर्धवट उघडलेल्या पंख्यासारख्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला मोहरीसारखा मणी. "मॅडम, ये पंखा देखिए."

"बुडबुडे आहेत," मी न बघता म्हटलं. मग बघितलं आणि तेच पुन्हा म्हटलं. हे दुसरं मात्र खोटं होतं.

त्याने वाद घातला नाही. त्याच शेतातले आणखी शिंपले तापवले, भरले, विरघळवले, आणि तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर पंखेच पंखे मांडले. बुडबुडे इतके शिस्तीत येत नाहीत. मी सगळे संदर्भ उलथेपालथे केले, इंदूरला जाऊन मोठ्या मायक्रोस्कोपखाली फोटो काढून आणले. हा आकार तोपर्यंत कोणी लिहिलेला मला सापडला नाही.

फोटो मी दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञांना पाठवले. नाव लिहीत नाही, त्यांना इथून पुढे 'पाहुणे' म्हणते. या विषयातला त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ते म्हणाले, साचे स्वतः बघायला येतो. कॉलेजात पडदे धुतले गेले. प्राचार्यांनी स्वागताच्या फलकावर 'सूक्ष्म' ऐवजी 'सुष्म' लिहवून घेतलं आणि तो फलक तीन दिवस दारात राहिला.

पाहुणे पहिल्या दिवशी माझ्या केबिनमध्ये वीस मिनिटं बसले. मग लॅबमध्ये गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले. कोट खुंटीला, बाह्या वर, कैलासच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर. एकाला तोडकं हिंदी येत होतं, दुसऱ्याला तोडकं इंग्रजी, आणि दोघांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी दारात उभी राहून पाहायचे. पाहुणे हाताची पाठ शिंपल्यावर टेकवायचे, कैलास मान हलवायचा, "नहीं सर, अभी नहीं... अब." आणि तो शेवटच्या शब्दाचा विद्वान शाळकरी पोरासारखा हसायचा. त्या तीन दिवसांत चहा मी आणवत होते. दुसऱ्या दिवशी तर ट्रे मीच आत नेला. दोघांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

जाताना स्टेशनवर पाहुणे मला म्हणाले, "तुम्ही त्या आकाराला याच्या नावावरून नाव द्या. तसा प्रघात आहे." मी हसले. मग ते म्हणाले, "आमच्याकडे तंत्रज्ञाची एक कायम जागा आहे. पदवीची अट सोडता येईल, पण समितीला त्याच्या हाताबद्दल तुमचं पत्र लागेल. अकरा वर्षं तुम्हीच पाहिलंय. महिनाअखेरपर्यंत पाठवा."

कैलासला त्यांनी हे आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा सव्वादहाला आला, खिडक्या उघडल्या, आणि बराच वेळ एकच बीकर पुसत राहिला.

"मॅडम, वो चिट्ठी..."

"लिखती हूँ, कैलास."

आठवड्याने पुन्हा. "घर में सब पूछते हैं. लड़की ने तो नक्शे में शहर भी ढूँढ लिया."

"लिखती हूँ, कहा ना."

घरी यांना मी म्हटलं, कैलास गेला तर माझी लॅब बंद पडेल. हे खरं होतं. हे म्हणाले, "मग तसं त्याला सांग." त्याला तोंडावर सांगण्याइतकं हे पुरेसं खरं नव्हतं. पुरेसं खरं हे होतं, की तो तिथे गेला असता तर चांगल्या यंत्रांपाशी, चांगल्या माणसांत बसून त्या न दिसणाऱ्या गोष्टीला रोज हात लावत राहिला असता, आणि मी इथे 'सुष्म'च्या फलकाखाली बसले असते. त्याचं भलं मला बघवत नव्हतं. इतकी साधी गोष्ट स्वतःशी कबूल करायला मला निवृत्त व्हावं लागलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, लेटरहेडवर, चार वाक्यं. श्री. कैलास यांना मी अकरा वर्षं ओळखते. ते अत्यंत वक्तशीर आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे. दिलेलं काम ते सांगितल्याप्रमाणे करतात.

यातलं एकही वाक्य वाईट नाही, हे नीट बघा. असं पत्र वाचून समिती समजायचं ते समजते. 'सांगितल्याप्रमाणे' हा शब्द लिहिताना माझा पेन थांबलासुद्धा नाही. आणि सांगत कोण कोणाला होतं?

विभागाचं सगळं टपाल कैलास न्यायचा. लिफाफे चिकटवायचे, तिकिटं लावायची, देवास गेटच्या पोस्टात टाकून यायचं. मी सहीचं पत्र घडी करून पत्ता लिहिलेल्या लिफाफ्यात घातलं, इतर टपालाच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि गठ्ठा रोजच्यासारखा त्याच्या टेबलावर सरकवला. सवयच तशी होती. तो म्हणाला, "हो गया, मॅडम?" मी म्हटलं, "हो गया." त्याने गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला.

दोन महिन्यांनी कळलं, जागेवर दुसऱ्या कोणाला घेतलं. पाहुण्यांनी मला कधी पुन्हा पत्र लिहिलं नाही. पंख्यावरचा माझा लेख छापून आला. आकाराला मी त्या शेताजवळच्या गावाचं नाव दिलं. लेखाच्या शेवटी, ज्यांचे आभार मानायचे त्यांत, इंदूरच्या मायक्रोस्कोपवाल्यांनंतर 'प्रयोगशाळेतील सहकार्य' असे दोन शब्द आहेत. ते दोन शब्द म्हणजे कैलास.

याच सुमाराची एक गोष्ट मला तेव्हा फार खटकली होती. कैलास उशिरा यायला लागला. रोज. फार नाही, दहा मिनिटं. साडेदहाला लॅबला कुलूप, मी किल्ली शोधत उभी, आणि दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो शांतपणे जिना चढून यायचा, नमस्ते करायचा, खिडक्या उघडायचा. कामात काडीचा फरक नाही. साचे पूर्वीसारखेच अखंड. मी ठरवलं, पाहुण्यांनी कौतुक केलं ते याच्या डोक्यात गेलं. हजेरीपत्रकावर मी लाल शाईने खुणा करत गेले. एकदा विचारलंही, "घर में कुछ तकलीफ़ है क्या?"

"नहीं मॅडम, सब ठीक."

सहा वर्षं हे चाललं. माझ्या निरोप समारंभालाही तो दहा मिनिटं उशिरा आला. व्यासपीठावर एक वक्ते मला 'पाषाणांशी संवाद साधणारी तपस्विनी' म्हणत होते, शाल माझ्या खांद्यावरून घसरत होती, आणि मागच्या दारातून कैलास आत आला, घड्याळाकडे पाहिलं, भिंतीशी उभा राहिला. त्या तपस्विनीने त्या क्षणीसुद्धा मनात लाल खूण केली.

माझ्यानंतर आलेल्यांना भोकांत रस नव्हता. पुढच्या जुलैत कैलासचा हुकूम निघाला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या भाचीला भैरवगढची चादर हवी होती, म्हणून मी ई-रिक्षा करून गेले. कैलासचं घर तिथे आहे हे मला माहीत होतं. त्यासाठीच गेले का, हे विचारू नका. गल्लीत दोऱ्यांवर कपडे वाळत होते, आणि त्यांत एका दोरीवर एक निळी ओढणी होती. निळ्यावर पांढरे पंखे. एका ठिपक्यातून दहा-बारा रेषा, टोकाला मणी. कापडभर, लहान मोठे, एकावर एक चढलेले, जसे ते शिंपल्यात असतात. मायक्रोस्कोपखाली मी तो आकार हजारदा पाहिला असेल. इतका जिवंत कधी दिसला नव्हता.

"आओ मॅडम," मागून आवाज आला. केस सगळे पांढरे. हाताला निळा रंग.

खुर्ची आली, पाणी आलं. लेकीचं विचारलं, ती इंदूरला शिकवते. मी ओढणीकडे बोट केलं. "याला काय म्हणतात?"

"गाहक तो पंखा बोलते हैं. असली नाम तो आपने रखा था, मुझे बोलना नहीं आता."

मला वाटलं, आता बोलायला हवं. आयुष्यभर वर्गात बोलले, पण हे वाक्य मला जमेना. "कैलास, त्या वेळी मी जे पत्र लिहिलं होतं, ते..."

"पढ़ा था, मॅडम."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"लिफाफा खुला था. गोंद तो मैं ही लगाता था ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, जुन्या टपालाचा हिशोब सांगावा तसा. "ग्यारह साल आपके सब लेबल अंग्रेज़ी में मैंने लिखे. चार लाइन तो पढ़ ही लेता."

"मग टाकलंस कशाला? फाडून टाकायचं!"

"आपका काग़ज़ था. डालना मेरा काम था." त्याने ओढणीची एक चुणी सरळ केली. "चाल-चलन अच्छा, कहा माने, ये तो सबका लिखते हैं. मेरी अपनी एक ही बात लिखी थी आपने. वक़्त का पाबंद. तो मैंने सोचा, वो भी आपको लौटा दूँ."

वक्तशीर. सहा वर्षांच्या लाल खुणा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. प्रत्येक खूण मी उलटी वाचली होती. न दिसणाऱ्या खुणांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याची खोली सांगणारी बाई मी, आणि रोज साडेदहाला कुलपासमोर उभी राहून मला काही कळलं नव्हतं.

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही, चांगली जमली नाही. तो 'हाँ जी' म्हणाला. मग मी विचारलं, "ही ओढणी मला मिळेल?"

"अभी गीली है. परसों आइए. ग्यारह बजे."

तिसऱ्या दिवशी मी अकराला दहा कमी असतानाच पोचले. त्याच्या सुनेने खुर्ची दिली. "बाबूजी अंदर ही हैं, आते हैं." दार उघडं होतं, पडद्याखालून त्याचे पाय दिसत होते. कपबशीचा आवाज आला. कोणीतरी रेडिओ लहान केला. पाय जागचे हलले नाहीत.

ओढणी समोर दोरीवर होती, आता वाळलेली. मी तिच्यात दोष शोधायला लागले. माझा स्वभाव आता या वयात कुठे जाणार? आणि सापडला. एका कोपऱ्यातल्या पंख्याची तिसरी नळी मध्येच मोडलेली होती, मेण तडकून तिथे निळा रंग आत शिरला होता. मला खरंच बरं वाटलं. चला, हातही चुकतो. मग आठवलं. लेखात छापलेल्या पहिल्या फोटोतल्या पंख्याची तिसरी नळी तिथेच मोडलेली आहे. कैलासला सापडलेला पहिला पंखा, ज्याला मी बुडबुडे म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी त्याने तो मोडीसकट जसाच्या तसा काढला होता.

अकरा वाजले. मी बसून राहिले. अकरा वाजून पाच. गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडदा सरकला आणि कैलास हात पुसत बाहेर आला. त्याने ओढणी उतरवली, गुडघ्यावर घेऊन नीट चार घड्या केल्या, आणि माझ्या हातात देताना विचारलं, "देर तो नहीं हुई, मॅडम?"

मी घड्याळात पाहिलं.

"नहीं, कैलास," मी म्हटलं. "बिलकुल वक़्त पर."